मुंबईत आइस हॉकीचा सामना प्रत्यक्ष बघायला मिळतो का? मी कुठलीच हॉकी मैदानात बसून बघितलेली नाही.

आइस हॉकी मुंबईत नाही मिळणार. त्या सामन्याला 60 मीटर लांब आणि 30 मीटरपर्यंत रुंद अशी बर्फाची रिंक लागते, तेवढी आपल्याकडे नाही. मॉलमधल्या बर्फावर पोरं मजा करतात, पण सामना खेळण्याइतकी ती जागा नसते. भारतात हा खेळ मुख्यतः लडाखचा. जानेवारी-फेब्रुवारीत लेहला जाणं जमलं तर जरूर जा, मात्र तिथली उंची साडेतीन हजार मीटर आहे, तेव्हा पहिले एक-दोन दिवस नुसता आराम करा. 2025 च्या आशिया चषकात कांस्यपदक मिळवणाऱ्या आपल्या महिला संघातल्या बहुतेक मुली लडाखच्याच आहेत.

पण कुठलीच हॉकी बघितली नाही म्हणता, तर आधी चर्चगेटला उतरा आणि चालत महिंद्रा हॉकी स्टेडियमला जा. मी तिथे स्थानिक सामने बघायला नेहमी जातो. रेल्वे, बँका, इन्कम टॅक्स यांचे संघ असतात, जुने क्लब असतात. बहुतेक वेळा तिकीटही नसतं. हाकेच्या अंतरावर वानखेडे भरून वाहतं आणि इथे मोजकी माणसं बसलेली असतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. 1982 चा विश्वचषक याच मैदानावर झाला होता, तेव्हा इथे गवत होतं. पाकिस्तानने पश्चिम जर्मनीला 3-1 असं हरवून तो जिंकला. भारताकडून खेळलेले युवराज आणि देविंदर वाल्मिकी हे भाऊ याच परिसरात वाढले. आणि प्रशिक्षक मर्झबान पटेल, म्हणजे सगळ्यांचे बावा, यांनी घडवलेली किती पोरं भारताकडून खेळली! 2019 मध्ये त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला.

जमलं तर गोलच्या मागच्या बाजूला बसा. टीव्हीवर कॅमेरा चेंडूमागे धावतो, त्यामुळे चेंडू नसलेला फॉरवर्ड बचावपटूला कसा ओढून नेतो आणि मागे जागा कशी मोकळी होते, ते दिसतच नाही. मैदानात तेच आधी दिसतं. पेनल्टी कॉर्नर, म्हणजे बचावाने गोलजवळ चूक केल्यावर मिळणारी गोलची मोठी संधी, मिळाला की मोबाइल खिशात टाका. बचावाला गोलकीपर धरून फक्त पाच जण, बाकीचे मध्यरेषेपलीकडे. चौघं घाईघाईने तोंडावर मास्क चढवतात, गुडघ्याला पॅड लावतात आणि गोललाइनच्या मागे वाकून उभे राहतात. गोललाइनच्या रेषेवरून चेंडू मैदानात ढकलला गेला की एक जण थेट ड्रॅगफ्लिक करणाऱ्याच्या, म्हणजे चेंडू स्टिकने ओढत गोलवर जोरात भिरकावणाऱ्याच्या, अंगावर धावत सुटतो. तो फटका आपल्या पायावर बसू शकतो हे त्याला ठाऊक असतं, तरी तो सरळ रेषेत धावतो. चेंडू गोलच्या मागच्या फळीवर आदळला की जो खणखणीत आवाज होतो, तो पहिल्यांदा ऐकताना माणूस दचकतो.

आइस हॉकीची ओढ असेल तर त्यातलं बरंच काही इथेही सापडेल. खेळ न थांबवता खेळाडू बदलायचे, हे दोन्हीकडे. तिथे साध्या फाऊलला खेळाडू दोन मिनिटं बाहेर बसतो, इथे ग्रीन कार्ड मिळालं तरी तेवढाच वेळ, आणि तोवर संघाला एक माणूस कमी. तिथे वीस-वीस मिनिटांचे तीन भाग, इथे पंधरा-पंधराचे चार. वेग मात्र तिकडे जास्त, ते मान्यच.

सामना सुरू व्हायच्या आधी पोहोचा, टर्फवर, म्हणजे आताच्या कृत्रिम गवतावर, पाणी मारताना बघायला मिळेल. चेंडू सुळसुळीत जावा आणि पडल्यावर कातडी सोलवटू नये म्हणून ते मारतात. मुंबई हॉकी असोसिएशनची मोठी स्पर्धा कधी आहे ते आधी विचारून घ्या. बॉम्बे गोल्ड कप किंवा आगा खान चालू असेल तर उपांत्य फेरीचा दिवस निवडा, एकाच संध्याकाळी दोन तगडे सामने मिळण्याची शक्यता असते.