पुन्हा नोंदणीसाठी चाचणी देणाऱ्या सिस्टरला

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. नोंदणी सुटली, मधली वर्षं घरात गेली, आणि आता कौशल्य चाचणी पास झाल्याशिवाय नाव रजिस्टरवर परत चढणार नाही म्हणतात. कोणतं पुस्तक घेऊ, असं विचारलं आहेस. आधी एकही घेऊ नकोस. ज्या नर्सिंग परिषदेकडे नोंदणी करायची आहे तिची उमेदवारांसाठीची पुस्तिका उतरवून घे, नमुना स्टेशनं (म्हणजे प्रात्यक्षिकाचे छोटे छोटे टप्पे) आणि गुणदानाचे निकष छापून काढ आणि पेन्सिल घेऊन वाच. बाकीची पुस्तकं त्यात अडलेल्या ठिकाणीच उघडायची.

लेखी पेपराची मला तुझ्याबाबतीत फारशी काळजी नाही. बसून वाचशील, निघेल. प्रात्यक्षिकाचं सांगते. आज जगभर जी ऑस्की (ऑब्जेक्टिव्ह स्ट्रक्चर्ड क्लिनिकल एक्झामिनेशन) म्हणून ओळखली जाते ती प्रात्यक्षिक परीक्षेची पद्धत रोनाल्ड हार्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ साली डंडीहून मांडली. त्याआधी कोणाच्या वाट्याला सोपी केस यायची, कोणाच्या अवघड, आणि बरंचसं परीक्षकाच्या मर्जीवर असायचं. आता छोटी छोटी स्टेशनं असतात, सगळ्यांना तीच परिस्थिती, आणि परीक्षकाच्या हातात तीच यादी. मर्जी गेली हे चांगलंच झालं, पण त्याबरोबर तुझ्या अनुभवाची पुण्याईही गेली. मनगटावरचा बँड बघून पेशंटची ओळख मनात पटवलीस, तर यादीत खूण होत नाही. नाव आणि जन्मतारीख पेशंटलाच विचारायची, बँडशी आणि चार्टशी ताडायची, आणि ते ऐकू जाईल असं. समोर पुतळा असला तरी त्याच्याशी बोलायचं. आधी ओशाळायला होतं, मग सवय होते.

परत येणाऱ्या सिस्टर अडखळतात त्या बहुतेक वेळा त्यांना येत असलेल्या गोष्टीत. नवख्या मुलीला काही येत नसतं, म्हणून ती पायरी न पायरी पाळते. आपला हात आपसूक चालतो, आणि त्या हाताला जुन्या वॉर्डातल्या पळवाटा माहीत असतात. शिवाय मधल्या काळात काही गोष्टी बदलल्या आहेत. राइल्स ट्यूब, म्हणजे नाकातून घातलेली नळी, जठरात आहे का हे हवा सोडून स्टेथोस्कोपने ऐकायची पद्धत आता असुरक्षित मानतात. नळीतून ओढलेल्या द्रवाचा पीएच, म्हणजे आम्लता, बघायचा, ५.५ किंवा त्याखाली हवा, शंका असेल तर एक्स-रे, आणि खात्री होईपर्यंत नळीतून काहीही द्यायचं नाही. पडून पडून लाल झालेल्या कातडीला मसाज करायचा नाही. वापरलेल्या सुईला टोपण लावायचं नाही, थेट शार्प्सच्या डब्यात. ऑक्सिजन सरसकट सगळ्यांना भरपूर, हेही गेलं. रक्तातल्या ऑक्सिजनचं, म्हणजे सॅच्युरेशनचं, लक्ष्य ठरलेलं असतं: बहुतेक प्रौढांना ९४ ते ९८ टक्के, आणि सीओपीडीसारख्या फुप्फुसाच्या जुनाट आजारात कार्बन डायऑक्साइड साचायचा धोका असेल तर ८८ ते ९२. हृदय थांबलेल्या प्रौढाला छातीवरचे दाब मिनिटाला १०० ते १२०, खोली ५ ते ६ सेंटिमीटर, ३० दाबांना २ श्वास. शुद्ध तपासताना छातीचं हाड चोळायची जुनी सवय असेल तर ती सोड; बोटाच्या टोकावर, खांद्याच्या स्नायूवर किंवा भुवईखालच्या खाचेवर दाब देतात. आणि ग्लोव्हज घातले म्हणजे हात धुवायची सुटका झाली असं समजू नकोस. ग्लोव्हजच्या आधी आणि नंतर हात स्वच्छ करायचेच. हँडरब (हाताला चोळायचं सॅनिटायझर) असेल तर २० ते ३० सेकंद, साबण-पाणी असेल तर सगळं मिळून ४० ते ६०. घरी घड्याळ लावून बघ, २० सेकंद वाटतात त्यापेक्षा बरेच लांब असतात.

आता औषधाच्या स्टेशनवर जरा थांबते, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथं होतं. समज, चार्टवर पाच औषधं आहेत. तुझी नजर आपोआप औषधांच्या रकान्यात जाईल. जाऊ देऊ नकोस. आधी वरचा भाग: नाव, वजन, आणि अ‍ॅलर्जीचा चौकोन. तिथे पेनिसिलिन लिहिलं आहे आणि खाली को-अ‍ॅमॉक्सिक्लॅव्ह. तेही पेनिसिलिनच्याच गटातलं, पण नावात पेनिसिलिन नाही, म्हणून घाईत ते सुटतं. अ‍ॅलर्जी चार्टवर असली तरी पेशंटला विचारायची, आणि नेमकं काय झालं होतं तेही विचारायचं. पुढे डिगॉक्सिन, हे नाडी मंदावणारं हृदयाचं औषध, आहे आणि नाडी ५२. पूर्ण मिनिट मोज, ६०च्या खाली असेल तर थांब. पॅरासिटामॉल लिहिलंय, पण शेवटचा डोस कधी गेला? दोन तासांपूर्वी गेला असेल तर आत्ता नाही. म्हणजे पाचातली तीन तू देणारच नाहीस, आणि स्टेशन त्यासाठीच आहे. पण नुसतं न देणं पुरत नाही. न देण्याचं कारण चार्टवर लिहायचं, डॉक्टरांना कळवते म्हणायचं, आणि पेशंटला समजेल अशा शब्दांत सांगायचं. उरलेली दोन देताना एक्स्पायरी बघ, गोळी गिळून होईपर्यंत समोर थांब, मग सही. आधी सही करून ठेवायची वॉर्डातली सवय इथे घातक.

डोसची गणितं रोज थोडी सोडव, कॅल्क्युलेटर न घेता. १००० मिली सलाईन ८ तासांत द्यायचं, सेट मिलीला २० थेंबांचा: तासाला १२५ मिली, मिनिटाला ४१.६७, म्हणजे ४२ थेंब. १८ किलोचं मूल, १५ मिग्रॅ प्रति किलो, म्हणजे २७० मिग्रॅ. एका बाटलीवर ५ मिलीत १२० लिहिलंय, तर ११.२५ मिली, दुसरीवर ५ मिलीत २५०, तर ५.४. लेबल न वाचता पहिल्या बाटलीच्या हिशेबाने दुसरी ओतलीस, तर दुपटीहून जास्त डोस गेला. उत्तर आल्यावर ते शहाणपणाचं दिसतंय का हेही बघायचं; एका डोसला दहा अँप्युल फोडाव्या लागत असतील तर दशांशचिन्ह कुठेतरी घसरलंय. लिहिताना ५.० लिहू नकोस, टिंब पुसट झालं की ५० होतात. अर्ध्याला .५ नको, ०.५. इन्सुलिनला ‘युनिट’ पूर्ण लिहायचं. इंग्रजी यू हे एकच अक्षर लिहिलं की ते शून्य वाचलं जातं आणि १०चे १०० होतात. हे पेपरात विचारतात, आणि वॉर्डात यानेच माणसं गेली आहेत.

तपासणीच्या स्टेशनला ए-बी-सी-डी-ई (श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण, शुद्ध, मग अंग उघडून पाहणी) हा क्रम सोडू नकोस. श्वास पूर्ण एक मिनिट मोज, मनगट धरून नाडी मोजत असल्यासारखी, कारण श्वास मोजतेय म्हटलं की माणूस वेगळा श्वास घेतो. पेशंट बिघडायला लागला की हा आकडा बरेचदा सगळ्यांच्या आधी हलतो, आणि वॉर्डात सर्रास अंदाजाने १८ किंवा २० लिहिला जातो तोही हाच. डीमध्ये शुद्धीबरोबर रक्तातली साखर आहे, ती हमखास विसरते. पायऱ्या विसरलीस तर निदान ‘ए’वर परत ये, मध्येच उड्या मारू नकोस.

मग डॉक्टरांना फोन. एसबीएआर, म्हणजे परिस्थिती, पार्श्वभूमी, तपासणीतून काय वाटतं आणि काय करायला हवं हा सांगायचा क्रम, तुला माहीत आहे, पण चौथं अक्षर, काय करायला हवं ते, म्हणताना आपण कचरतो. “डॉक्टर, जरा बघाल का” हे परीक्षेत चालत नाही आणि खरं तर वॉर्डातही चालू नये. “श्वास २८, सॅच्युरेशन ८९, बीपी ९०/५०, पेशंट अर्ध्या तासापूर्वी बोलत होते, आता गुंगीत आहेत. तुम्ही आत्ता यायला हवं. तोवर मी काय सुरू करू?” असं सांगायचं, आणि मिळालेली सूचना परत म्हणून दाखवायची. चाचणी ज्या भाषेत आहे त्याच भाषेत हे मोठ्यांदा म्हणून बघ. मनात नीट येणारं वाक्य तोंडावर येताना तुटतं.

सरावाचं एक सांगते, पटलं तर घे. क्लासवाले स्टेशनची संवादासकट स्क्रिप्ट देतात आणि मुली ती खाडखाड पाठ करतात. मला ते आवडत नाही. पेशंट झालेल्या माणसाने मध्येच “सिस्टर, माझं दुखतंय हो” म्हटलं की स्क्रिप्टवाली गडबडते, किंवा त्याहून वाईट, ऐकतच नाही. क्रम पाठ असू दे, वाक्यं तुझी असू देत. घरातल्या कोणालाही खाटेवर झोपव आणि त्याला सांग की मधे मधे अडवायचं. फोन उभा करून रेकॉर्डिंग कर आणि छापलेल्या निकषांवर खुणा करत बघ. स्वतःला बघवत नाही हे खरं, पण ग्लोव्हज घालून केस मागे सारताना स्वतःला एकदा पाहिलंस की ती सवय जाईल.

कागदपत्रं आजच मागायला लाग. जुन्या परिषदेचं पडताळणीपत्र, अनुभवाचे दाखले, चारित्र्य पडताळणी. यांना वेळ तुझ्या अभ्यासापेक्षा जास्त लागतो आणि काहींची मुदत चाचणीआधीच संपते. नाव परत येईपर्यंत कुठे काम धरलंस तर नोंदणीकृत सिस्टर म्हणून सही करू नकोस, कोणी कितीही गळ घातली तरी.

चाचणीत एखादी पायरी सुटल्याचं मध्येच लक्षात आलं तर तोंड लपवू नकोस. “हात स्वच्छ करायचे राहिले, आता करते” असं म्हण आणि कर. निर्जंतुक क्षेत्राला हात लागला तर लागला म्हण आणि नवी सामग्री माग. वेळ संपायच्या आत सुधारलेली चूक बऱ्याच ठिकाणी सांभाळून घेतात, झाकलेली नाही. एक स्टेशन बिघडलं तर ते दाराबाहेर ठेव, पुढच्या परीक्षकाला त्यातलं काही ठाऊक नसतं. परीक्षक वयाने तुझ्याहून लहान असेल, तेही मनाला लावून घेऊ नकोस. आणि एखादं स्टेशन गेलंच, तर पुन्हा देताना काय काय द्यावं लागतं आणि मधे किती थांबावं लागतं ते पुस्तिकेत आत्ताच वाचून ठेव. निकालाच्या दिवशी ते वाचायची ताकद नसते.

औषधाच्या स्टेशनचं पहिलं रेकॉर्डिंग झालं की मला पाठव, वाईट झालं असेल तरी. रविवारी दुपारी मी मोकळी असते, फोनवर बसून बघू.

तुझी,
जुनी वॉर्ड सिस्टर