‘द लाइटहाउस’मध्ये भूतबित फारसं काही दिसत नाही, तरी एवढं अस्वस्थ का वाटतं?

माझं उत्तर एका शब्दात: भोंगा.

रॉबर्ट एगर्सच्या या सिनेमात (२०१९) धुक्यात जहाजांना इशारा देणारा भोंगा सुरुवातीपासून घुमत राहतो. आधी आपण दचकतो, मग सवय होते, आणि गोम तिथेच आहे. तो थांबला तरी कान पुढच्या आवाजाची वाट बघत बसतात. मार्क कोर्वेनचं संगीतही त्याच खर्जात उतरतं, त्यामुळे यंत्र कुठे संपलं आणि वाद्यं कुठे सुरू झाली ते कळेनासं होतं.

आता चित्र. चौकट १.१९:१, म्हणजे जवळपास चौरस. सुरुवातीच्या बोलपटांत असायची तशी. दीपगृहाचे दोघे रखवालदार टेबलाशी जेवायला बसले की पडद्यावर श्वास घ्यायला जागा उरत नाही. छायाचित्रण कृष्णधवल आहेच, पण जॅरिन ब्लाश्केने खास फिल्टर लावून लाल प्रकाश अडवलाय. त्वचेचा लालसरपणा त्यामुळे काळपट उतरतो. त्या दोघांपैकी एक, अभिनेता विलेम डफो, त्याचा चेहरा नीट बघा: प्रत्येक सुरकुती, प्रत्येक डाग खरवडून काढल्यासारखा दिसतो. माणूस नाही, समुद्राने झिजवलेलं लाकूड वाटतं! (दाढीचाही वाटा आहे म्हणा.)

कथेत नेमके किती दिवस गेले हेही कळू देत नाहीत, तो वेगळाच छळ.

बघणार असाल तर हेडफोन लावा. मोबाइलच्या स्पीकरवर तो खर्ज येतच नाही, आणि मग लोक म्हणतात, ‘सिनेमा संथ आहे.’