शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेला पालक येतच नाहीत. शाळा, घर आणि गाव जोडायचं कसं?

तुम्ही लिहिलंय की जिल्हा परिषदेच्या शाळेत तुम्ही नव्यानेच समितीच्या अध्यक्ष झालात. सभेची सूचना काढली की दोन-तीन पालक येतात आणि बाकीच्यांच्या सह्यांसाठी रजिस्टर घरोघर फिरतं. गावातली काही कुटुंबं ऊसतोडीला जातात, हेही लिहिलंय. मी बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात, ऊसतोड कामगारांच्याच गावात मुख्याध्यापक होतो. तिथलं सांगतो, लागू पडेल तेवढं घ्या.

माझं मत आधीच सांगून टाकतो. ज्या सभेत पालकांनी ठरवण्यासारखं काहीच नसतं, त्या सभेला पालक येत नाहीत आणि ते बरोबरच करतात. मजुरी बुडवून भाषण ऐकायला कोण येईल? आम्ही शिक्षक मंडळी याला 'पालकांची उदासीनता' म्हणून मोकळे होतो. त्यांच्या घरातली खरी अडचण सभेच्या विषयपत्रिकेवर आली की तीच माणसं जागा धरून बसतात.

आमच्याकडे दिवाळी झाली की गाव रिकामं व्हायचं. मुकादमाची, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराची, उचल (आगाऊ रक्कम) आधीच घेतलेली, नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. दारात ट्रॅक्टर लागला की भांडीकुंडी, शेळ्या, कोंबड्या आणि पोरं एकदमच वर चढायची. कोल्हापूर, सांगली, नाहीतर कर्नाटकात बेळगावकडे, ते थेट मार्च-एप्रिलपर्यंत. मूल पटावर असतं, वर्गात नसतं. आई पहाटेच उसाच्या फडात जाते आणि थोरली मुलगी कोपीत, म्हणजे तिथल्या झोपडीत, धाकट्याला सांभाळत बसते.

यावर सरकारी योजना आहे, हंगामी वसतिगृहाची. नाव वसतिगृह असलं तरी पुष्कळ गावांत मुलं रात्री आजी-आजोबांकडे किंवा नातेवाइकांकडेच झोपतात. सकाळ-संध्याकाळचं जेवण वसतिगृहात, दुपारचं शालेय पोषण आहारात. आणि हे सगळं चालवायचं असतं शाळा व्यवस्थापन समितीने. म्हणजे शाळा, घर आणि गाव तिघांनाही एकमेकांवाचून गत्यंतर नाही, असं हे काम आहे.

शिक्षणाचं महत्त्व सांगायला मी कुणाच्या दारात गेलो नाही. आपल्या पोराच्या हातात कोयता येऊ नये, हे आईबापांना सांगावं लागत नाही. अडतं ते दुसरीकडेच. एक आजी भर सभेत म्हणाल्या, "गुरुजी, पोरं ठिवा म्हंता, पर सांजच्याला मला डोळ्यांनी दिसंना. भाकर कोन थापणार? अन् पोरगी मोठी झालीय, अंधाराची घरला कोन आणून सोडणार?" बस, त्या दिवशी सभेला विषय मिळाला. संध्याकाळचं जेवण दिवेलागणीच्या आत उरकायचं. मोठ्या मुलींना स्वयंपाकाच्या बायांनी घोळक्याने घरापर्यंत सोडायचं. कोणतं मूल रात्री कुणाच्या घरी झोपतं, याची यादी व्हरांड्यात लावायची. स्वयंपाकाला कोण, हे आयांनीच ठरवलं, आणि चपातीऐवजी ज्वारीची भाकरी हेही त्यांनीच. अनुदान उशिरा येतं, तोवर किराणा उधारीवर चालतो, हेही सभेत उघड मांडलं. दुकानदाराचीही पोरं शाळेतच होती, त्यामुळे त्याने फार ताणलं नाही.

आईबाप फडावर असताना नातं टिकवायचं कसं? जेवणानंतर मुलाने वाचलेला धडा किंवा म्हटलेला पाढा मोबाईलवर रेकॉर्ड करून व्हॉट्सअॅपवर पाठवायचा, एवढंच आम्ही करत होतो. एका बापाचा उलट निरोप आला होता, "आठच्या पाढ्याला पोरगी मधीच चाचरली. उद्या परत म्हणायला लावा." हा माणूस गावात असताना शाळेच्या फाटकाच्या आत कधी आला नव्हता.

ज्यांना ठेवून घ्यायला घरात कुणीच नाही, ती मुलं जातातच. त्यांच्यावर डोळे वटारू नका, शिक्षण हमी कार्ड, म्हणजे मूल कोणत्या वर्गात, कुठवर शिकलंय हे तिकडच्या शाळेला कळावं यासाठीचं कार्ड, भरून हातात द्या. दाखला मिळायला उशीर झाला म्हणून तिकडच्या शाळेला प्रवेश अडवता येत नाही, हे शिक्षण हक्क कायद्यातच आहे.

आता तुमच्या अधिकाराचं. २००९ च्या त्याच कायद्याच्या कलम २१ प्रमाणे समितीत किमान तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला हव्यात. आपल्या राज्यात अध्यक्ष पालकांमधूनच होतो आणि मुख्याध्यापक सचिव असतात. कलम २२ नुसार शाळा विकास आराखडा समितीनेच करायचा. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून शाळेच्या खर्चासाठी संयुक्त शाळा अनुदान येतं, ३० पर्यंत पट असेल तर १०,००० आणि ३१ ते १०० पटाला २५,००० रुपये, असं त्याचं गणित ठरलेलं आहे. या पैशांचा हिशोब पहिल्याच सभेत मोठ्याने वाचायला सांगा. मुख्याध्यापक चांगले असतील तर त्यांना आनंदच होईल. इतिवृत्तही वाचून दाखवल्याशिवाय सही करू नका.

सभा सकाळी अकराला ठेवणं म्हणजे 'येऊ नका' असं सांगणंच आहे. डेअरीला दूध घालून झाल्यावर, संध्याकाळी देवळाच्या पारावर ठेवा, नाहीतर बचत गटाच्या बैठकीला जोडून. पहिलीत येणाऱ्या मुलांच्या आयांचे गट २०२२ पासून 'पहिलं पाऊल' या शाळापूर्व तयारीच्या अभियानात बनले आहेत. तुमच्या शाळेत तो गट कागदावर असेल तर आधी त्याच बायांना गाठा.

लोकवर्गणीच्या मागे मात्र लगेच लागू नका. रंगवलेल्या भिंती आणि टीव्ही फोटोत छान दिसतात, पण वीजबिल थकून मीटर कापलेल्या 'डिजिटल' शाळा मी पाहिल्यात. एकदा वर्गणी दिली की आपलं काम संपलं, असंही गावाला वाटतं. त्यापेक्षा सातवीनंतर मुली गावाबाहेरच्या शाळेत जात असतील तर मानव विकास कार्यक्रमाची मुलींसाठीची एसटी बस वेळेवर येते का, हा विषय घ्या. त्याला आया नक्की येतील.

२ ऑक्टोबरची ग्रामसभा सोडू नका, ती नेमकी ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आधी येते. त्याआधी समितीच्या सदस्यांनी वस्त्या वाटून घेऊन यादी करावी, कोण जाणार, मुलं किती, मागे घरी कोण राहणार. ती यादी ग्रामसभेत वाचा. "हा शाळेचा विषय आहे" असं सरपंच म्हणाले तरी ग्रामपंचायत अधिकाऱ्याला (पूर्वीच्या ग्रामसेवकाला) ठराव लिहून घ्यायला लावा आणि त्याची प्रत वसतिगृहाच्या प्रस्तावाला जोडून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्या. पोहोच घ्यायला विसरू नका. प्रस्ताव दिवाळीआधी पोहोचला तरच उपयोग, नंतर गेला तर मंजुरी येईपर्यंत मुलं फडावर पोहोचलेली असतात.