इलेक्ट्रिकल बीई झाल्यावर सोलरमध्ये जॉब मिळतो का, की वेगळा कोर्स करावाच लागतो?

मिळतो, पण नुसत्या डिग्रीवर अवघड आहे. बऱ्याच कॉलेजात सोलर म्हणजे शेवटच्या वर्षाचं एक इलेक्टिव्ह, त्यात पीएन जंक्शन, आयव्ही कर्व्ह, सूर्याचे अँगल अशी थिअरी, झालं. इंटरव्ह्यूत मात्र विचारतात, ५५० वॅटची पॅनल एका स्ट्रिंगमध्ये (म्हणजे एकामागे एक सिरीजमध्ये जोडलेल्या ओळीत) किती लावशील? इथेच पोरं गार पडतात. डेटाशीटवरचं साधारण ५० व्होल्टचं ओपन सर्किट व्होल्टेज (लोड न जोडता पॅनलला मिळणारं व्होल्टेज) २५ डिग्रीचं असतं, थंडीत ते वाढतं, म्हणजे २० पॅनलचे कागदावर १००० व्होल्ट होतात आणि नाशिकच्या डिसेंबरात पहाटे ८-१० डिग्रीला तेच १०४० च्या आसपास जातात, पॅनलच्या डीसीचा एसी करणाऱ्या इन्व्हर्टरची मर्यादा १००० व्होल्टचीच असेल तर गेला कामातून!

हे शिकायला महागडा कोर्स नको, डेटाशीट वाचायची सवय लावा, पीव्हीसिस्ट या सोलर डिझाइनच्या सॉफ्टवेअरचं ट्रायल व्हर्जन घ्या आणि एखाद्या रूफटॉपवाल्याकडे सुट्टीत काम करा, नेट मीटरिंगची (जास्तीची वीज ग्रिडला देऊन बिलात वळती करायची) कागदपत्रं, अर्थिंग, केबल साइझिंग सगळं तिथे हाताखालून जातं. सरकारचं सूर्यमित्र ट्रेनिंग चांगलंय पण ते मुख्यतः आयटीआय-डिप्लोमावाल्यांसाठी, इन्स्टॉलेशनचं.

आणि हो, पुण्यात एसीत बसून डिझाइन करायच्या जागा थोड्या, भरती जास्त साइटवर, गुजरातच्या खावडा नाहीतर राजस्थानच्या भडला सोलर पार्कात, त्या उन्हाची तयारी असेल तरच या.