एमजीबीचं अलाइनमेंट कुणाकडे करायचं?

भाऊ, मशीन कुठलं ते नंतर विचार, आधी माणूस बघ. तुझी एमजीबी म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, तिला पुढे किंगपिन आहेत, म्हणजे चाक ज्यावर वळतं त्या उभ्या पिना. कॅम्बर-कॅस्टर, म्हणजे चाकाचा आणि त्या पिनेचा कल, फिरवायची सोयच नाही. टाय रॉडवर, म्हणजे स्टिअरिंगपासून चाकाकडे जाणाऱ्या दांड्यावर, फक्त टो-इन बसतं, म्हणजे पुढची चाकं समोरून किती आत वळलेली ते, साधारण १.५ ते २.३ मिलिमीटर. माझ्या गाडीच्या टाय रॉडचा लॉकनट एकाने ढिला सोडला होता, त्र्यंबक रोडला स्टिअरिंग हातात थरथरायला लागलं. जीव मुठीत घेऊन परत आलो.

नाशिकला अंबड-सातपूरकडे ट्रकची, जुन्या जीपची पुढची कामं करणारा मिस्त्री शोध, किंगपिनवर त्याचा हात बसलेला असतो. चाक जॅकवर घेऊन, वर-खाली धरून हलवून प्ले, म्हणजे ढिलेपणा, न बघताच जो गाडी मशीनला लावतो, त्याच्याकडून सरळ परत आण. जाण्याआधी ग्रीस मात्र भर, आणि टायरमधली हवा तपासून घे.