आंबा घाट, जुनी एमजी आणि २०डब्ल्यू-५०

प्रश्न : काकांकडून माझ्याकडे १९६७ सालची एमजीबी ही ब्रिटिश गाडी आली आहे. दोन सीटांची, कापडी हुडाची. एरवी रत्नागिरीतल्या रत्नागिरीत फिरवतो, क्वचित आंबा घाट चढून मलकापूरपर्यंत नेतो. सपाटीला ऑईल प्रेशर ६० पौंडांच्या आसपास असतं. पण घाट चढून आंब्याला चहाला थांबलो की आयडलिंगला काटा १५ वर येतो आणि माझ्या पोटात गोळा. आमचे मेस्त्री म्हणतात, साधं ४० नंबर घाला आणि वर जाड करणारी बाटली ओता. पुण्याचा भाचा म्हणतो, फुल सिंथेटिक ०डब्ल्यू-२० घाल, त्याच्या नव्या गाडीत तेच आहे. सध्या आत कुठलं आहे ते ठाऊक नाही. काकांच्या वहीत ‘ऑईल बदलले’ एवढंच. कुणाचं ऐकू?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : आधी चहा निवांत प्या. एमजीबीच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये चालत्या गाडीला ५० ते ८० पौंड आणि आयडलिंगला १० ते २५ पौंड असं लिहिलेलं आहे. तुमचा काटा दोन्हीकडे बसतो, तोही साखरप्यापासून दुसऱ्या-तिसऱ्या गिअरात तापवलेल्या इंजिनावर. एवढ्या वयाच्या मीटरवर मात्र डोळे मिटून विश्वास नको. चांगल्या गॅरेजात टेस्ट गेज असतो; तो इंजिनाला थेट लावून एकदा ताडून घ्या.

ऑईल घाला २०डब्ल्यू-५०, मिनरल म्हणजे साधं, सिंथेटिक नव्हे. या १७९८ सीसीच्या बी-सीरीज इंजिनाला जगभर लोक तेच घालत आले आहेत आणि आपल्या हवेला ते छान जमतं.

भाच्याचा हिशेब कुठे चुकतो ते सांगतो. ग्रेडमधला मागचा आकडा तापलेल्या ऑईलच्या जाडपणाचा. १०० अंशांना ५० नंबरचं ऑईल १६.३ ते २१.९ सेंटीस्टोक (जाडपणाचं माप) भरतं, २० नंबरचं ६.९ ते ९.३. म्हणजे निम्म्याच्या आसपास. भाच्याच्या गाडीत बेअरिंगची फट त्या पातळ ऑईलचा हिशेब धरूनच ठेवलेली आहे. तुमची फट साठच्या दशकातली, वर इतक्या वर्षांची झीज. ०डब्ल्यू-२० घालून आंब्याला पोचलात तर १५ सुद्धा दिसणार नाही, आणि गाडी जिथे उभी कराल तिथे खाली पुठ्ठा अंथरावा लागेल.

पुढचा आकडा थंडीचा. २०डब्ल्यू ऑईलची स्टार्टिंगची चाचणी उणे १५ अंशांना घेतात. दापोलीकर आपल्या थंडीचं कितीही कौतुक सांगोत, तिथेही पाणी गोठत नाही. तेव्हा ०डब्ल्यू आणि ५डब्ल्यूचे जादा पैसे तुम्ही लेह-लडाखसाठी मोजणार. सकाळी चालू केल्यावर लगेच रेस मात्र देऊ नका. काटा वर येऊ द्या, मग हळू निघा. हातखंब्यापर्यंत घाई नको.

आता मेस्त्री. साध्या ४० नंबरमागचं त्यांचं म्हणणं मला कळतं, जुन्या ट्रकांवर त्यांचा हात बसलाय. पण ते ऑईल सकाळी जवळपास २०डब्ल्यू-५० इतकंच जाड असतं आणि घाटात तापलं की त्याच्यापेक्षा पातळ होतं. म्हणजे तुम्हाला जिथे जाडपणा हवा, नेमका तिथेच कमी. आणि ती बाटली दुकानातच राहू द्या. माडाला पाणी लावताना पाइपाच्या तोंडावर अंगठा धरला की धार लांब जाते, पण आळ्यात पाणी कमीच पडतं. जाड करून काट्यावर २५ दिसलं म्हणून बेअरिंगला जास्त ऑईल मिळालं असं होत नाही. बेअरिंग खरंच गेलं असेल तर ते बदलावंच लागतं. बाटलीने फक्त आवाज दबतो, आणि गाडी विकणाऱ्याला तेवढंच हवं असतं.

डब्यावर ग्रेडइतकंच आणखी एक बघायचं, जस्त-फॉस्फरस. तुमच्या इंजिनात व्हॉल्व्ह उघडणारा कॅम थेट चपट्या टॅपेटवर घासतो, मध्ये रोलर नाही. त्या जागी दाब इतका की ऑईलचा थर चेपून जातो आणि मग जस्त-फॉस्फरसच्या मिश्रणाने धरलेली पापुद्र्यासारखी पातळ परतच काय ती टॅपेट वाचवते. फॉस्फरसने कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो, म्हणून २००४ मध्ये आलेल्या एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) ‘एसएम’ दर्जापासून ३० नंबर आणि त्याहून पातळ ऑईलांत तो ०.०८ टक्क्यांवर रोखला. २०डब्ल्यू-५० ला ती मर्यादा नाही. तुमच्या गाडीला कन्व्हर्टरही नाही. बुलेटवाल्यांसाठीचं २०डब्ल्यू-५० कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत असेल तर अडल्यावेळी तेही चालेल.

ग्रेड ठरवण्याआधी दोन गोष्टी मात्र तपासा, कारण काटा पडण्याचं मूळ ऑईलच्या डब्यात नसूही शकतं.

डिपस्टिक काढा आणि वास घ्या. पेट्रोलचा वास आला, ऑईल बोटांत चोळल्यावर पाण्यासारखं घसरलं, तर पेट्रोल खाली उतरतंय. तुमच्या एसयू कार्ब्युरेटरमध्ये चोक ओढला की जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी नळी, खाली सरकतो आणि पेट्रोल जास्त जातं. आपल्या खाऱ्या हवेत चोकची केबल गंजते, डॅशबोर्डवरचं बटण आत जातं पण खाली जेट अर्ध्यावर अडकून राहतो. वाकून दोन्ही जेट बघा, पूर्ण वर येऊन टेकायला हवेत. ते अडकलेले असतील तर कितीही भारी ऑईल घाला, महिनाभरात त्याचं पाणी होतं.

दुसरी तपासणी घाट उतरताना. आंब्याहून साखरप्याकडे येताना गिअरातच, ॲक्सिलरेटर सोडून उतरा आणि मागच्या गाडीत कुणाला तरी बसवा. उतार संपून पाय दिलात की निळ्या धुराचा भपकारा आला, तर व्हॉल्व्ह गाइड सैल. चढतानाच सतत निळा धूर असेल तर पिस्टनच्या रिंगांकडे बघायचं. गाइडचं काम हेड उतरवून होतं, तेवढ्यासाठी इंजिन खाली काढू देऊ नका.

जुनं ऑईल कुठलं होतं याची चिंता नको. इंजिन गरम असताना काढा, फिल्टर बदला. आणि वहीत या वेळी ग्रेड आणि किलोमीटर लिहा, काकांसारखं नको.

प्रश्न : माझ्याकडे गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म गाडी आहे. पावसाळ्यात उभी असते, दर रविवारी अंगणात दहा मिनिटं चालू ठेवतो. गणपतीला काढली तर ऑईलच्या झाकणाखाली कॉफीच्या फेसासारखा चिकटा. हेड गॅस्केट गेलं का?
— एक वाचक, वेंगुर्ला

उत्तर : बहुधा नाही. डिपस्टिकवरचं ऑईल स्वच्छ आहे आणि कूलंट कमी होत नाही, तर ती बाष्पाची करामत. पेट्रोल जळताना पाणी तयार होतं. दहा मिनिटांत इंजिन कोमट होतं, पाणी उडून जाण्याइतकं ऑईल तापतच नाही आणि ती वाफ झाकणाखाली थिजते. वर आपली जुलैतली हवा. म्हणजे तुमचा रविवारचा नेमच गाडीला नडतोय. एकतर सावंतवाडीपर्यंत नेऊन आणा, नाहीतर अजिबात चालू करू नका, बॅटरीची तार सोडून ठेवा. डिपस्टिकही दुधाळ असेल तर मात्र गाडी चालवू नका, मेस्त्रींना घरी बोलवा.

ऑईल बदलायचं ते मिरगाच्या आधी. चालून काळं झालेल्या ऑईलमध्ये आम्ल आणि ओल असते; तेच भरून चार महिने ठेवलं तर बेअरिंगं आतून डागाळतात. तुमचं इंजिन रेनॉचं आहे, त्यामुळे वरचं वाचून त्यात २०डब्ल्यू-५० ओतू नका. गाडीच्या पुस्तकात दिलेला ग्रेडच घाला. झाकण फडक्याने पुसून घ्या आणि पुढच्या लांब फेरीनंतर पुन्हा उघडून बघा.