रेघ ओलांडली, तरच मोज

चि.,
अनेक आशीर्वाद.

गरुडांच्या मोजणीसाठी ऑक्टोबर संपता संपता तू नेपाळमधल्या ठुलो खर्कला पोचशील, म्हणजे स्थलांतर करणाऱ्या स्टेप गरुडांचा ओघ ऐन भरात असेल. पोखराजवळच्या काँडे गावातून चढून गेलं की सुमारे 2,000 मीटर उंचीवर हे कुरण लागतं. ट्रेकिंगवाले त्याला ऑस्ट्रेलियन कॅम्प म्हणतात. गरुड हिवाळ्यासाठी निघालेत, म्हणून दक्षिणेकडे डोळे लावून बसू नकोस. ते पूर्वेकडून येतात आणि हिमालयाच्या दक्षिण उतारांवरून वर चढणाऱ्या हवेचा आधार घेत पश्चिमेला सरकतात.

पहिलं काम रेघ ठरवण्याचं. तू बसशील तिथून उत्तर-दक्षिण अशी एक काल्पनिक रेघ धर, दोन्ही टोकांना ओळखीची खूण हवी: एखादं शिखर, खालचं एखादं घर. पक्षी ही रेघ पूर्वेकडून पश्चिमेला ओलांडेल तेव्हाच काउंटरचं बटण दाबायचं. उलट गेला तर वजा. तिथेच घिरट्या घालतोय, तर हात आवर. मोजणी फुगते ती इथेच, कारण हिमालयी गिधाडं आणि घारी दिवसभर तेच ते आकाश घुसळत असतात.

मोठा थवा गरम हवेच्या खांबात गोल फिरत असताना मोजायला गेलास तर आकडा हमखास चुकतो. थांब. वर पोचल्यावर ते एकामागोमाग एक सुटतात आणि सरळ रेषेत घसरत जातात, मोज तेव्हा. अगदीच गर्दी झाली तर दहा-दहाचे गट कर, पण तसं केल्याचं तक्त्यात लिही.

सकाळी सूर्य आणि पक्षी दोन्ही साधारण एकाच बाजूने येतात. झाडाच्या किंवा टोपीच्या आड सूर्य झाक, दुर्बीण त्याच्याकडे चुकूनही वळवू नकोस. बर्फाच्छादित शिखरांसमोर किंवा ढगासमोर काळा ठिपका पटकन दिसतो, निळ्याभोर आभाळात तोच विरघळतो. त्यामुळे स्वच्छ दिवस सोपा, हा समज सोड. दुपारी पक्षी इतके उंच जातात, की नुसत्या डोळ्यांना आभाळ रिकामं वाटतं. अशा वेळी 8 किंवा 10 पटीच्या दुर्बिणीने पट्ट्यापट्ट्यांत शोध. स्पॉटिंग स्कोप, म्हणजे तिपाईवरची एकनळी दुर्बीण, फक्त ओळख पटवायला.

ओळखीचं म्हणशील तर लहान वयाचा स्टेप गरुड सोपा आहे. पंखांच्या खालून मधोमध पांढरा पट्टा जातो. वाढत्या वयात तो तुटक होत नाहीसा होतो. प्रौढ पक्ष्याच्या पंखाची मागची कड गडद असते आणि जवळून दिसलाच तर तोंडाची पिवळी चीर डोळ्याच्या मागच्या कडेपर्यंत पोचलेली दिसते. घारीची शेपटी खाचेची, सारखी पिळवटणारी. गिधाडाचं डोकं त्या अवाढव्य पंखांपुढे इवलंसं. तरीही ठरत नसेल तर ‘अनोळखी गरुड’ असं लिही. त्यात कमीपणा नाही. अंदाजाने नाव लिहिलंस तर मात्र पुढची तुलनाच बिघडते. वयाचा रकाना जमेल तेवढा भर, कारण त्या वर्षी पिलं किती जगली याचा थोडाफार सुगावा त्यातूनच लागतो. हा गरुड 2015 पासून आययूसीएन या जागतिक निसर्ग संवर्धन संघटनेच्या यादीत संकटग्रस्त आहे, म्हणून ही सगळी काटेकोरी.

दर तासाला नवा तक्ता. वारा, ढग, दृश्यमानता, निरीक्षक किती, सगळं लिहायचं. एकही पक्षी गेला नाही तरी शून्य लिहायचंच. कोरा रकाना म्हणजे कुणी बसलंच नव्हतं असा अर्थ होतो. दोघं पाहणारे आणि एक लिहिणारा असेल तर उत्तम. अर्ध्या-पाऊण तासाने आपसांत कामं बदला. थकलेला डोळा सर्वांत आधी लांबचे पक्षी गाळतो आणि आपल्याला ते कळतही नाही.

आणि घड्याळ! नेपाळची वेळ आपल्यापेक्षा 15 मिनिटं पुढे आहे. फोन भारतीय वेळेवर राहिला तर तासाच्या सीमेवरचे सगळे पक्षी चुकीच्या रकान्यात जातील. बसमधून उतरतानाच तपासून घे.

कळावे.